हायड्रोमीटरवर १.०२५ आलं आणि मी फसलो

जळगावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर समुद्र घरातच बनवावा लागतो. टाकी ६० लिटरची, बजेट तुटपुंजं, म्हणून फिल्टर घरीच केला. तीन इंची पीव्हीसी पाइप, लाकडी एअरस्टोन, हवेचा पंप आणि वर बरणीचा कप, झाला प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून वर काढणारा फिल्टर. शेजारी बादलीत स्पंज. सगळं सातशेच्या आत. तो आजही मस्त चालतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे महिनाभर मी त्यालाच शिव्या घातल्या.

मिठाचं मात्र घरी जमत नाही. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २ किलोच्या वर. समुद्रातले सगळे क्षार असलेलं, टाकीसाठीचं डबाबंद मीठ महाग वाटलं. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. "भो, बाहेरच्या कंपनीचं मोठं पोतं फोडलंय, सुटं देतो." ५ किलोचे १२०० रुपये, पैसे आधी. पोत्यावरच्या लेबलचा फोटो मागितला, तर पाठवला स्वतःच्या टाकीचा. तिथेच थांबायला हवं होतं.

किचनमधल्या आरओच्या पाण्यात मीठ विरघळवलं. हायड्रोमीटर बरोबर १.०२५, समुद्राच्या पाण्याइतका. मी खूश. मासे आणण्याआधी फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढावे लागतात, म्हणून माशांच्या खाद्याचे दाणे कुजवून अमोनिया तयार केला आणि तो संपायची वाट बघत बसलो. चार आठवडे गेले, सहा गेले, अमोनिया हलेना. मीठवाल्याला फोन केला तर म्हणाला, "तुझा जुगाड कच्चा आहे," आणि वर ४५० रुपयांची बॅक्टेरियाची बाटली गळ्यात मारली. मी स्पंज बदलला, पाइप पुन्हा चिकटवला. बाटलीचाही उपयोग शून्य.

भेद आईने फोडला. पिशवीत काही मोठे खडे राहिले होते. तिने एक जिभेवर ठेवला. "हाई ते लोणचानं मीठ शे, भाऊ." समुद्राच्या पाण्याला मॅग्नेशियममुळे कडवट झाक असते, याला नुसता खारटपणा. खडेमीठ मिक्सरला फिरवून विकलेलं!

हायड्रोमीटर फक्त पाणी किती जड आहे ते सांगतो, कशाने जड झालंय ते नाही. मिठागरात मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी काढून टाकतात, त्यातच बहुतेक मॅग्नेशियम निघून जातं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सुमारे १३०० मिलिग्रॅम असतं, कॅल्शियम ४०० च्या आसपास. माझ्या पाण्यात क्षारता (खारटपणा नव्हे, विरघळलेली कार्बोनेटं) तर जवळजवळ नव्हतीच, आणि अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना ती लागते. म्हणजे फिल्टर उपाशी होता आणि मी त्याला आळशी समजत होतो.

नशीब, मुंबईहून क्लाउनफिश आणायचे बाकी होते.

मीठवाल्याने माझा नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. तुम्ही सुटं मीठ घेणारच असाल तर आधी बादलीभर आरओच्या पाण्यात मिसळा, दुसऱ्या दिवशी केएच किटने, म्हणजे क्षारता मोजायच्या किटने, तपासा. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री. त्या मिठाच्या पाण्याचा रंग पहिल्याच थेंबाला पिवळा झाला. आता सीलबंद डब्याचं मीठ वापरतो, त्याला आठ थेंब लागतात.