पोस्टग्रेस सर्व्हरसाठी डेबियन १२: दोन वर्षांच्या वापरानंतर

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीला मिळणाऱ्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबणार हे ठाऊक असल्यामुळे आमच्या पतसंस्थेचा पोस्टग्रेस १५ या डेटाबेसचा सर्व्हर मी त्याआधीच डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर हलवला. डेबियनच्या या आवृत्तीसोबत पोस्टग्रेस १५ च येते, त्यामुळे बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजचा साठा) जोडावी लागत नाही, एवढ्या एका सोयीवर मी निवड केली. जीलिबसीची, म्हणजे लिनक्समधल्या मूळ सी लायब्ररीची, आवृत्ती मात्र मी पाहिलीच नाही.

काम बंद ठेवण्याचा वेळ कमी व्हावा म्हणून मी स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (डेटाची हुबेहूब नक्कल) वापरले, म्हणजे जुन्या सर्व्हरवरचे इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या क्रमवार याद्या) जसेच्या तसे नव्यावर उतरले. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस सहसा स्वतः ठरवत नाही, तो जीलिबसीला विचारतो. आणि जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. लोकेल (भाषा आणि प्रदेशानुसारची सेटिंग) अमेरिकन इंग्रजी असेल तर सेंटओएस ७ वर ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर लागे, डेबियन १२ वर नेमके उलटे लागते. आमच्या खातेक्रमांकांत मधे आडवी रेघ आहे. सोमवारी काउंटरवरून फोन आला, की खाते यादीत दिसते, पण क्रमांक टाकून शोधले की सापडत नाही, कारण इंडेक्स जुन्या क्रमाचे होते आणि शोध नव्या क्रमाने चालत होता. डेटाबेस जीलिबसी २.१७ च्या क्रमाने बनला असून यंत्रणेकडे २.३६ आहे, असा इशारा पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीला देत होते. लॉग उघडून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. शेवटी, इंडेक्सला जुनी नोंद न सापडल्यामुळे दुबार झालेल्या नोंदी हाताने काढून सगळे इंडेक्स नव्याने बांधावे लागले. हा दोष डेबियनचा नव्हे. अल्मालिनक्स ९ या आणखी एका लिनक्सवर गेलो असतो तरी हेच झाले असते.

त्यानंतर मात्र तक्रारीला फारशी जागा राहिली नाही. एकाच यंत्रावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून आवृत्तीबदलाची तालीम करता येते, ही डेबियनच्या साधनांची सोय मला इतरत्र एवढी सुटसुटीत वाटली नाही. खटकते ते एवढेच, की पॅकेज बसवताक्षणी क्लस्टर (पोस्टग्रेसच्या डेटाबेसांचा संच) तयार होऊन सुरूही होतो, आणि तोही डेटा चेकसमशिवाय (बिघडलेला डेटा ओळखण्याच्या तपासणीशिवाय); तो आपोआप बनू नये अशी सेटिंग आधी करून मग आपल्या हाताने चेकसमसह बनवावा. आपोआप होणाऱ्या अपडेटमधून पोस्टग्रेसचे पॅकेजही वगळून ठेवावे, नाहीतर ऐन कामाच्या वेळी सर्व्हर पुन्हा सुरू होतो.

आयुष्याचा हिशेब केला तर अल्मालिनक्स ९ सरस आहे, कारण त्याला मे २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, तर डेबियन १२ चा दीर्घ आधार जून २०२८ मध्ये संपेल. आज नवा सर्व्हर उभा करायचा असेल तर मी पोस्टग्रेस १७ सोबत येणारे डेबियन १३ घेईन. चालू डेटा न्यायचा असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन (हुबेहूब नकलेऐवजी नुसत्या नोंदी पाठवणारी पद्धत) वापरीन, म्हणजे इंडेक्स नव्या यंत्रावरच, त्याच्याच क्रमाने बांधले जातील.