उमेशूची लाल झाकणवाली बरणी: घ्या, पण सोबत पळी पण घ्या

जपानात राहणाऱ्यांना माहीतच असेल, मे संपत आला की सुपरमार्केटात घरी उमेशू (उमे ह्या आलुबुखारासारख्या आंबट फळाची मुरवलेली दारू) करायच्या सामानाचा एक कोपरा सजतो, हिरव्यागार उमेच्या पिशव्या, खडीसाखर, व्हाइट लिकरचे (रंग-वास नसलेली दारू) १.८ लिटरचे कागदी खोके आणि ह्या काचेच्या लाल झाकणाच्या बरण्या. ४ लिटरची घेतली, हजार येनच्या आसपास पडली. टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या ग्रुपवर दर जूनला कोणी ना कोणी विचारतंच की कुठली बरणी घेऊ, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

साइज एकदम हिशोबात बसते. १ किलो उमे, लिकरचा एक अख्खा खोका आणि खडीसाखर, पाकिटावर १ किलोपर्यंत सांगतात पण मी ७०० ग्रॅमच टाकतो आणि तरी गोडच होतं, एवढं सगळं मावून वर हलवायला जागा उरते. तोंड इतकं रुंद की आख्खा हात आत जातो त्यामुळे थर लावायला त्रास नाही, धुवायला पण नाही. फक्त उकळतं पाणी ओतू नका, ही काच तापमानाचा धक्का सहन करणारी नाहीये, तडकेल. साबणाने धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि थोडं व्हाइट लिकर आतून फिरवून पुसून घ्यायचं, झालं निर्जंतुक. उमेपण तशीच कोरडी हवीत, देठाची काळी टिकली टूथपिकने काढून, नाहीतर कडवट लागतं.

पैसे खरे वसूल होतात ते काचेमुळे. चिनीमातीच्या बरणीत आत काय चाललंय कळत नाही, इथे सगळं समोर दिसतं. खडीसाखर तळाशी, उमे वर तरंगतायत, मग साखर हळूहळू विरघळते (म्हणूनच खडीसाखर घालतात, आधी दारू फळात शिरते आणि मग साखर रस बाहेर खेचते, साधी साखर लगेच विरघळली की फळ नुसतं सुरकुततं) आणि काही महिन्यांत उमे खाली बसायला लागतात, रंग पाण्यासारखा होता तो सोनेरी होतो. तीन महिन्यांनी पिता येतं म्हणतात पण तेव्हा दारूचा भपका असतो हो, वर्षभर थांबा. सिंकखाली अंधारात ठेवा, फ्रिजमध्ये ही मावत नाही.

आता तक्रार. ओतणं. लाल झाकणाखाली एक पांढरं आतलं झाकण आहे, चोच वगैरे दिलीय, पण बरणी भरलेली असताना वाकडी केली की अर्धं गळ्यावरून ओघळतं आणि आटेच चिकट होतात, मग पुढच्या वेळी झाकण उघडायला दोन माणसं लागतात. हँडलपण उचलण्यापुरतं ठीक, त्याला धरून ओतायचं धाडस मी तरी करत नाही. कोरडी पळी ठेवा सरळ. तरीपण त्या क्लिपवाल्या स्टायलिश बरण्यांपेक्षा हीच बरी, तिथे रबराच्या रिंगला जो वास बसतो तो जात नाही.

आणि हो, घरी फळांची दारू मुरवायला इथे १९६२ पासून परवानगी आहे पण अटी आहेत, दारू २० टक्के किंवा वरची पाहिजे, स्वतःच्या घरापुरती, विकायची नाही, आणि द्राक्षं अजिबात नाहीत. त्यामुळे कोणी म्हणालं की साध्या साकेत (तांदळाची जपानी दारू) करून बघ, छान लागतं, तर ती साधारण १५ टक्क्यांची असते, नियमात बसत नाही. व्हाइट लिकर ३५ टक्के असतं, फळाचं पाणी सुटून पातळ झालं तरी बुरशीची भीती कमी.

पाचपैकी चार. ८ लिटरच्या मोहात पडू नका, भरल्यावर ती जागची हलत नाही आणि साखर विरघळेपर्यंत मधूनमधून बरणी हलवावी लागते. घ्यायची तर जूनमध्येच घ्या, उमेचा सीझन संपला की तो कोपरापण गायब होतो.