व्हेक्टर की पिक्सेल : त्या गुलाबी कडेने लावलेला निकाल

पिक्सेल म्हणजे ठिपक्यांची जाळी आणि व्हेक्टर म्हणजे रेषांचं गणित, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पिक्सेलचं चित्र मोठं केलं की फाटतं, हेही. पण संगणकावर चित्र काढायला यातलं काय घ्यायचं, हा माझा निर्णय काही त्यावरून झाला नाही. आधीच मोठ्या मापात काम केलं की ते दुखणं बरंचसं टळतं. ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ए४ कागदाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात आणि आजच्या संगणकाला त्याचं काहीच वाटत नाही.

मला छळलं ते कडेने. ओळखीतल्या एकांसाठी बोधचिन्ह केलं होतं, पांढऱ्यावर गडद लाल. हात बसलेला म्हणून पिक्सेलमध्येच केलं आणि घाईत सगळे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) एकत्र करून टाकले. महिन्याभराने निरोप आला, लाल नको, निळा करा. सॉफ्टवेअरमधल्या रंग भरायच्या बादलीने रंग ओतला, दोन सेकंदांत काम झालं. मग झूम केलं, तर प्रत्येक वळणाला गुलाबी झालर! वळण गुळगुळीत दिसावं म्हणून कडेच्या पिक्सेलमध्ये लाल आणि पांढरा मिसळलेला असतो. ते मिश्रण कशाकशाचं, हे फाइलला आठवत नाही. तिच्या लेखी तो नुसता गुलाबी ठिपका. टॉलरन्स (किती मिळताजुळता रंग बदलायचा, ती मर्यादा) वाढवावा तर बादली झालरही गिळते आणि कडेला पायऱ्या पडतात. त्यात फाइल मधे कधीतरी जेपीईजी झालेली. जेपीईजी ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती दाबते, त्यामुळे आसपास डागही होते. सगळी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी व्हेक्टरमध्ये पहिल्यापासून काढलं. पुढे रंग आणखी तीनदा बदलला (बदलणारच होता!), दर वेळी एका क्लिकमध्ये.

लेयर वेगळा ठेवून त्याची पारदर्शकता लॉक केली असती (म्हणजे कड तशीच राहून फक्त रंग बदलला असता) तर हे टळलं असतं, मान्य. चूक माझीच. पण घाईत माझ्याकडून अशाच चुका होतात.

व्हेक्टरमध्ये चित्र काढायला मजा येते म्हणाल, तर फारशी नाही. त्यातली वळणं मोटारींच्या कारखान्यांतून आली. रेनोमधले पिएर बेझिए आणि सिट्रोएनमधले पॉल द कास्तेल्जो यांनी ती गाड्यांचे आकार आखण्यासाठी वापरात आणली. स्वभावही तसाच राहिलाय : नोड (वळणाला आकार देणारा बिंदू) ओढताना पत्रा वाकवतोय असं वाटतं. ब्रशचा हलका-जड दाब, ओल्या रंगाचं पसरणं हवं असेल तर पिक्सेलला तोड नाही. फोटोचं तर बोलायलाच नको. एकदा हौसेने एक चेहरा ऑटो-ट्रेस केला, म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरकडूनच व्हेक्टर काढून घेतला. हजारो नोड झाले, फाइल रखडायला लागली आणि चेहऱ्याचा डोंगराळ मुलखाचा नकाशा झाला.

तुमचं काम रंगकामाचं किंवा फोटोंचं असेल तर माझं ऐकू नका. पण अक्षरं, चिन्हं, आकृत्या असतील आणि 'जरा बदलून द्या' म्हणणारी माणसं भोवती असतील, तर मी तरी व्हेक्टरच उघडेन. फक्त छपाईला देताना मजकूर कर्व्हमध्ये (टाइप करून बदलता न येणाऱ्या नुसत्या आकारांत) बदलण्याआधी मूळ फाइल बाजूला ठेवा. मी एकदा ठेवली नव्हती. एक वेलांटी पहिलीची दुसरी करायची होती, तर अर्धा तास नोड वेचत बसलो होतो.