बंदिशीचा व्हिडिओ : प्लेबॅकवर ओठ हलवायचे की जागेवर गायचं?

संगीत शिकणारी मुलं व्हिडिओ करायचा म्हणून विचारायला येतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा कॅमेऱ्यापासून सुरू होतं. कुठला फोन, कुठली लेन्स, गिंबल (कॅमेरा न हलता धरणारी दांडी) भाड्यानं घ्यावा का. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट ठरवावी : गाणं स्टुडिओत रेकॉर्ड करून लोकेशनवर त्यावर ओठ हलवायचे, की जिथं शूटिंग आहे तिथंच गायचं. हे एकदा ठरलं की जागा, वेळ, माणसं, खर्च यांचा मेळ लागत जातो. दोन्ही प्रकारे मी काम केलं आहे. माझा कल पुढे दिसेलच, पण तुमची चीज, म्हणजे गायची बंदिश, वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

प्लेबॅकची सोय खरोखर मोठी आहे. 2023 साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, तेव्हापासून मुलांना आपल्या व्हिडिओत गाव दिसावं असं वाटतं, आणि ते रास्तच आहे. पण महाराज बाड्यावर, गावातल्या त्या गजबजलेल्या चौकात, उभं राहून कुणी गाऊ शकेल का? टेम्पो, ई-रिक्षा, हॉर्न, दुकानासमोरचे भोंगे. तिथं प्लेबॅकशिवाय इलाज नाही. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) बाड्यावर, अंतरा (दुसरा भाग) किल्ल्यावर, परत स्थायी एखाद्या गल्लीत असं हवं तसं कापता येतं, आणि आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहतो. एकच कॅमेरा असला तरी भागतं. कुणी मध्ये आलं, ढग आला, पदर उडाला, तर तेवढीच ओळ पुन्हा घ्यायची.

स्लो मोशनही प्लेबॅकवरच जमतं. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, सेकंदाला 50 फ्रेमवर शूट करायचं आणि 25 वर चालवायचं, की हालचाल संथ होते आणि ओठ मात्र बरोबर जुळतात. मध्यलयीतली चीज दुप्पट वेगात तोंडात बसवायला थोडा रियाझ लागतो, एवढंच.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. लांबून शॉट घेताना स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी, चौकटीबाहेर ठेवावा. कॅमेरा चौतीस मीटर दूर असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो, म्हणजे जवळपास अडीच फ्रेम. एडिटिंगला बसल्यावर कॅमेऱ्यातल्या आवाजावरून ओळ जुळवली की ओठ चुकलेले दिसतात आणि कारण सापडत नाही. अशा शॉटसाठी हातानं दिलेली टाळी कॅमेऱ्यात दिसेल अशी घ्यावी आणि जुळणी डोळ्यांनी करावी.

परवानगीचं थोडक्यात : किल्ल्यावरचा मानमंदिर महाल असो की हजिरा भागाजवळची तानसेनची समाधी, ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथल्या चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. चार मुलं ट्रायपॉड घेऊन सकाळी सहज गेली आणि काम झालं, असं गृहीत धरू नये.

आता माझं पारडं ज्यानं झुकवलं त्याबद्दल.

स्थायी आणि अंतरा यांचं प्लेबॅकवर छान जमतं. आपल्या ग्वाल्हेर घराण्यात बंदिश पूर्ण म्हणण्याचा आग्रह असतो, मुलांनी ती शेकडो वेळा घोकलेली असते, त्यामुळे ओठ, मान, हात सगळं आपसूक येतं. अडतं ते पुढे, बहलाव्यात (सूर संथपणे खुलवत नेतात तिथं) आणि तानेत (भरभर घेतलेल्या सुरांच्या मालिकेत). एका विद्यार्थिनीनं स्टुडिओत एक सपाट तान घेतली होती. वरच्या, तार सप्तकातल्या पंचमाला टेकून खालच्या मंद्र सप्तकापर्यंत सरळ उतरणारी, दाणेदार, इतकी स्वच्छ की रेकॉर्डिंग करणारा मान वर करून काचेतून बघायला लागला. ती तान त्या क्षणी सुचलेली होती. शूटिंगच्या दिवशी स्पीकरमधून तीच तान आली आणि तिच्या चेहऱ्यावर गाणं दिसेना, आठवण्याची धडपड दिसायला लागली. जबडा अर्धी मात्रा मागे. हात वर चाललेला, सूर खाली उतरत असलेला. सगळ्यात खटकला तो गळा. तान घेताना गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, तानेआधी छाती भरते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, खांदे सैल पडतात. इथं तोंड उघडत होतं आणि गळा स्थिर होता.

गाणं न कळणाऱ्याला हे कदाचित जाणवणार नाही. पण बंदिशीचा व्हिडिओ बघणार कोण? गुरुजी, परीक्षक, बरोबरीची मुलं, घरी गाणं ऐकणारी माणसं. त्यांची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. मग एडिटिंगमध्ये तो भाग झाकणं आलं. तान सुरू झाली की झरोका, तान संपता संपता कबुतरं, मधे निळ्या टाइल्सची भिंत. मानमंदिराच्या टाइल्स सुंदर आहेत यात वाद नाही, पण गायिकेनं आयुष्यातली सर्वांत चांगली तान घेतली आणि प्रेक्षकाला त्या वेळी भिंत दिसते, हे मला आजही सहन होत नाही. ख्यालातला सगळ्यात जिवंत भाग कॅमेऱ्यापासून लपवावा लागत असेल तर व्हिडिओ कशासाठी, हा प्रश्न मला पडला आणि मी जागेवर गाण्याकडे वळलो.

यावर उपाय नाही असं नाही. ताना सरगममध्ये लिहून काढून पाठ कराव्यात आणि शूटिंगच्या वेळी नुसते ओठ न हलवता स्पीकरबरोबर पूर्ण आवाजात गावं. गळा खरा दिसतो. ज्यांच्या ताना मुळातच बांधलेल्या असतात त्यांचं यानं चांगलं भागतं. भावगीत, भजन, नाट्यपद यांनाही प्लेबॅक पुरेसा आहे, किंबहुना बराच. उपज, म्हणजे गाता गाता सुचणं, हा ज्या गाण्याचा प्राण आहे, तिथंच मला तो अपुरा वाटतो.

जागेवर गायचं म्हटलं की बाडा बाद, आणि वाऱ्यामुळे किल्लाही बाद. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला एखादा जुना वाडा मिळाला तर सोनं. जनकगंज, दौलतगंज भागात आपल्या मराठी लोकांचे असे वाडे अजून आहेत. ओळखीतल्या कुणाच्या आजींना भेटून रीतसर विचारलं तर नाही म्हणत नाहीत. देवडी आणि चौक यांमुळे रस्त्याचा आवाज बराच अडतो, आणि ओसरीत तीन बाजूंनी भिंत व वर लाकडी तुळया असल्या की आवाजाला जी गोलाई येते ती स्टुडिओत नंतर घालता येत नाही. बसायच्या जागी सतरंजीवर आणखी एक जाड सतरंजी टाकावी, फरशीचा खणखणाट कमी होतो.

कॉलरचा माइक ख्यालाला मला पटत नाही. पदराला घासतो, आणि मान वळली की आवाज बदलतो. छोटा रेकॉर्डर स्टँडवर, गाणाऱ्याच्या पुढे दीड-दोन हातांवर, चौकटीच्या जरा खाली आणि पाठ तबल्याकडे केलेला, हे जास्त चांगलं.

तानपुरा हा खरा नाजूक भाग. प्रत्येक टेकमध्ये खरा तानपुरा वाजत असेल तर दोन टेक जोडताना तारेचा झंकार मध्येच तुटतो आणि कानाला धक्का बसतो. म्हणून तानपुरा कॅमेऱ्याच्या पलीकडच्या कानात इअरफोनवर द्यावा आणि नंतर सगळ्या गाण्याखाली एकसंध अंथरावा. सूर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) ठरला तर दिवसभर काळी चारच. दुपारनंतर गळा थकला म्हणून अर्धा सूर उतरलात की सकाळचं काम फुकट.

लय मात्र पळतेच. माणूस गातो, तबलजी साथ करतो, चढत जाणं स्वाभाविक आहे. त्यामुळे एका टेकचा अंतरा दुसऱ्या टेकला चिकटवण्याचा नाद सोडावा आणि पूर्ण चीज सलग घ्यावी. त्यासाठी निदान दोन कॅमेरे हवेत, एक चेहऱ्यावर आणि एक हातांसकट पूर्ण बैठकीवर. दोन फोन असले तरी चालतील. फक्त फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करत राहतो, आणि सलग पाच-सहा मिनिटांत ओठ सरकतात. एडिटिंगला घेण्याआधी फाइल स्थिर 25 फ्रेमवर बदलून घ्या, हा त्रास तिथंच संपतो.

शेजारच्या कुकरची शिट्टी, देवळाची घंटा, खालून जाणारा भाजीवाला, हे होणारच. आलापात शिट्टी आली तर टेक गेला. पण तानेच्या मागे लांबून घंटा ऐकू आली तर मी ती राहू देतो. तो वाडा आहे, आणि तिथं गाणं चाललंय.

मधला मार्ग बऱ्याच जणांना सुचतो : स्थायी-अंतरा प्लेबॅकवर बाहेर, ताना वाड्यात जागेवर. दिसायला छान वाटतं, ऐकायला जोड कळतो. स्टुडिओतला कोरडा आवाज आणि ओसरीतला आवाज समेवर एकमेकांना भेटत नाहीत. बाहेरचं गाव दाखवायचंच असेल तर वाड्यातलं सलग गाणं कायम ठेवून सुरुवातीच्या आलापावर बाड्याची, किल्ल्याची दृश्यं टाकावीत. तिथं ओठ जुळवायचा प्रश्न येत नाही आणि तान पूर्ण चेहऱ्यावर राहते.

तारीख ठरवताना एवढं बघा की आपल्याकडे मे-जूनमध्ये कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर चालू असताना आवाज रेकॉर्ड होत नाही. प्लेबॅकवाल्यांना कूलरची अडचण नाही, पण त्यांना उन्हात हिंडायचं असतं. जागेवर गायचं असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरा, आणि सकाळची शाळेची गडबड ओसरल्यावर, साधारण दहा ते साडेबारा, एवढ्यातच सगळे टेक संपवा. त्या वेळी चौकातला उजेडही ओसरीत नीट आत आलेला असतो.