जळगावच्या ईएनटी हॉस्पिटलचा अनुभव, अण्णांची नाकातली गाठ (४ स्टार)
आमचे अण्णा रावेरकडचे केळीवाले, वय ६१. दोन वर्षं फक्त डावी नाकपुडी बंद. आधी एका ठिकाणी 'मांस वाढलंय' म्हणून काढलं, काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही आणि वर्षात परत जैसे थे. जळगावला डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, बायोप्सीचा रिपोर्ट कुठंय, आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. एकाच बाजूचं नाक बंद असेल तर तुकडा तपासलाच पाहिजे म्हणे.

निघालं इन्व्हर्टेड पॅपिलोमा. कॅन्सर नाही, पण परत येणारी जात, आणि थोड्या लोकांत कॅन्सर होतोही. सीटीत नाक आणि मेंदूमधलं पातळ हाड खाल्लेलं दिसलं, वरून एमआरआय सांगितला तेव्हा मला वाटलं बिल वाढवताहेत, पण सीटीत गाठ कुठली अन् साचलेला शेंबूड कुठला हे नीट कळत नाही म्हणून तो लागतो, त्यात कळलं की गाठ मेंदूच्या आवरणाला टेकलीय, आत गेली नाही. डॉक्टर म्हणाले, अण्णा, केळीचा कंद ठेवला की पिल (नवा कोंब) येतंच, गाठ जिथं हाडाला चिकटलीय ते हाड ड्रिलनं घासावं लागेल. अण्णा लगेच, "म्हंजे मांगच्यानं नुसतं खोड कापलं!"

ऑपरेशन सहा तास, सोबत न्यूरोसर्जन, सगळं दुर्बिणीतून नाकातूनच, तोंडावर एक टाका नाही (गाठ कपाळाच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या पोकळीत, लांब कडेला असती तर बाहेरून कापावं लागलं असतं कदाचित). आवरणाला भोक पडलं ते मांडीतला पापुद्रा लावून, वर नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर फिरवून बुजवलं. नंतर वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, संडासला जोर नको म्हणून औषध. नाकातून पाण्यासारखं खारट गळलं तर लगेच सांगा, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तिसऱ्या रात्री अडीचला अण्णा उठून बसले, "गळून राह्यलं भो", माझे हातपाय गार, ज्युनियर डॉक्टर दहा मिनिटांत हजर, बघितलं तर रक्ताळलेला शेंबूड.

एक स्टार कापला तो डिस्चार्जसाठी, सकाळी ११ ला सुट्टी सांगितली अन् इन्शुरन्सची फाईल संध्याकाळी ६ ला हलली, पार्किंग तर नाहीच. दीड वर्ष झालं, दुर्बीण तपासणी चालूय, अजून काही वर्षं यावं लागेल म्हणालेत. जाताना जुन्या स्कॅनच्या सीडी घेऊन जा, नुसत्या रिपोर्टवर ते बोलत नाहीत.