कोलशिल: वाडा शोधू नका, खाली बघा

इंग्लंडातल्या स्विंडनजवळच्या कोलशिल गावी जाऊन ‘इथे तर काहीच नाही’ म्हणत परतणारे बहुधा तिथला जुना वाडा, कोलशिल हाउस, शोधत आलेले असतात. तो १९५२ मध्येच जळाला. पाहायचं ते जमिनीखाली आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या उन्हाळ्यात, इंग्लंडात जर्मन उतरलेच तर त्यांच्या पिछाडीला राहून घातपात करायला कर्नल कॉलिन गबिन्स यांनी गावोगावचे शेतकरी, रानाचे राखणदार, चोरून शिकार करणारेसुद्धा निवडले. नाव मुद्दाम मिळमिळीत: ‘ऑक्झिलरी युनिट्स’. त्यांचं प्रशिक्षण या वाड्यात चाले. वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने इथे त्यांच्या भूमिगत अड्ड्याची प्रतिकृती उभारली आहे. ती ठरावीक दिवशीच उघडते, तेव्हा तारीख बघूनच निघा.

असा अड्डा म्हणजे पन्हळी लोखंडी पत्र्याची कमान, साधारण २० फूट लांब, १० फूट रुंद. टोकांना विटांच्या भिंती, वर माती. चार ते आठ माणसं आणि सुमारे दोन आठवड्यांचा शिधा. त्याहून जास्त दिवस ही माणसं जगतील असा हिशेबच नव्हता.

आत शिरण्याआधी झाकणापाशी थांबा, खरी कारागिरी तिथेच. झाकण म्हणजे मातीने भरलेला ट्रे. त्यावरचा पाचोळा आणि गवत आजूबाजूशी जुळायलाच हवं; ट्रेमधलं गवत सुकलं की चौकोन उघडा पडला. खाली उतरायच्या विहिरीसमोर आडवी भिंत असे. वरून कुणी हातबॉम्ब टाकला तर स्फोट थेट खोलीत येऊ नये म्हणून. दुसऱ्या टोकाला काँक्रीटच्या पाइपांची चोरवाट, ओणवं होऊन रांगण्यापुरती. गडावरची चोरदिंडी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

घात मात्र साध्या गोष्टींनी व्हायचा. खणलेली माती रातोरात लपवायची कुठे? रोज एकाच वाटेने गेलं की गवतात पायवाट उमटते. पत्र्यावर दव धरून आतलं सामान ओलं होई, आणि हवेच्या नळ्या अपुऱ्या पडल्या की स्टोव्ह-कंदिलाने गुदमरायला होई. हा शेवटचा भाग प्रतिकृतीत कळत नाही. तिथली हवा फारच चांगली!

जोडीला पाच किलोमीटरवरचं हायवर्थ कराच. नवे भरती झालेले आधी तिथल्या पोस्टात जात. पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स परवलीचा शब्द ऐकून आत जात, वाड्यावर फोन लावत, आणि ‘तुम्हाला न्यायला येताहेत’ एवढंच सांगत. जुन्या पोस्टाच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. बघायला पाच मिनिटं पुरतात.

गमबूट न्या, रानात चिखल असतो. मुक्काम स्विंडनला करा. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे रात्री शीतकडीची, म्हणजे गोव्याच्या भात-कालवणाची, आशा धरायला हरकत नाही.