पुठ्ठ्याचा ग्रहणचष्मा, पाचचा संच : माल चांगला, पाकिटावरची माहिती भलत्याच देशाची

मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. 25 ऑक्टोबर 2022च्या सूर्यग्रहणासाठी हा संच ऑनलाइन मागवला होता. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधला तो दिवस आठवत असेल. ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला होता. मुंबईत जास्तीत जास्त 24 टक्के बिंब झाकलं गेलं, आमच्याकडे त्याहून कमी. तरी कडेचा घास चष्म्यातून स्वच्छ दिसला.

फिल्म काळी, पॉलिमरची. घालून घरातली ट्यूबलाइट बघितली तर जवळपास काहीच दिसत नाही, आणि तसंच हवं. सूर्य नारिंगी, कडा रेखीव. पोरांना मात्र सूर्य थाळीएवढा दिसेल असं वाटलेलं. "सर, हा तर हरभऱ्याएवढाच!" आता चष्मा उजेड कमी करतो, आकार कसा वाढवणार?

पुठ्ठ्याच्या काड्या घडीवर फाटतात. दोन चष्म्यांना सेलोटेप लावली आहे. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी हा वरून हाताने धरायचा, कानावर बसतच नाही. हे चालवून घेईन.

खरा राग पाकिटावर आहे. मागे छापलेला नकाशा अमेरिकेचा, तारखा 14 ऑक्टोबर 2023 आणि 8 एप्रिल 2024. दोन्ही वेळा आपल्याकडे रात्र! आयएसओ 12312-2 हे मानक छापलंय, ठीक. पण हा चष्मा लावून दुर्बिणीत बघू नका, हे कुठेच नाही. दुर्बिणीने एकवटलेला प्रकाश ही फिल्म जाळू शकतो. दुर्बिणीला पुढच्या तोंडाशी वेगळा फिल्टर लागतो.

विक्रेत्याच्या पानावर तर "चंद्रग्रहणासाठीही उपयुक्त" असं लिहिलं होतं. यावर विश्वास ठेवून आमच्या शेजारच्या काकू 7 सप्टेंबर 2025ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, चष्मा मागायला आल्या. गच्चीवर घालून बघितला आणि म्हणाल्या, "अहो सर, चंद्रच गेला!" जाणारच. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा काही लाख पटींनी फिका असतो. चंद्रग्रहणाला डोळे पुरतात. त्या रात्री 11 ते साधारण 12 वाजून 22 मिनिटांपर्यंत अख्खा चंद्र तांबूस होता, तो काकूंनी नंतर नुसत्या डोळ्यांनी पाहिला. ग्रहणाचे वेध पाळून, हे सांगायला हवं.

पैसे वसूल झाले ते ग्रहणात नव्हे, तर मे 2024मध्ये. सूर्यावर इतका मोठा डागांचा समूह आला होता की या चष्म्यातून बारीक काळा ठिपका दिसायचा. त्याच डागांच्या उद्रेकांमुळे लडाखमधल्या हानळेला आकाश लाल झालं होतं. चष्मा नेमका काय कामाचा, हे मुलांना तेव्हा कळलं.

महाराष्ट्रातून याचा पुढचा मोठा उपयोग 2 ऑगस्ट 2027ला, सोमवारी. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, इजिप्तवरून जाईल. लक्सरजवळ 6 मिनिटांहून जास्त अंधार! आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. दिव्याची आवस, म्हणजे ऐन पावसाळा; ढगांचं काय ते ढगांनाच ठाऊक. 12 ऑगस्ट 2026चं स्पेन-आइसलँडचं खग्रास मात्र भारतातून दिसणारं नाही, त्याच्या जाहिराती बघून चष्मे घेऊ नका.

जुना चष्मा तीन वर्षांनी टाकावा म्हणतात. मानकात बसणारा असेल, फिल्मला ओरखडा, भोक किंवा सुरकुती नसेल तर गरज नाही. माझे मी वहीत दाबून ठेवलेत. काळा गॉगल, एक्स-रेची फिल्म यांच्या नादी लागू नका. चष्मा मिळालाच नाही तर स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा आणि सूर्याकडे पाठ करून भिंतीवर बघा. भोकागणिक एक कुरतडलेला सूर्य दिसेल, तोही फुकट.

चष्म्याला पाचपैकी चार तारे, पाकिटाला एक. घ्यायचा असेल तर 2027च्या जूनमध्येच घ्या, आदल्या आठवड्यात नको.